खरखर कुठली, गाणं कुठलं

आपल्या बँडची पहिली रेकॉर्ड हातात पडली की माणूस ती घरच्यांना दाखवतो, मित्रांना वाटतो, एखादी प्रत कपाटात जपून ठेवतो. पीटर बकने एका प्रतीचे तुकडे केले आणि ते घरच्या भिंतीवर चिकटवून टाकले. साल १९८१. गाव अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातलं अथेन्स, बँड आर.ई.एम., आणि रेकॉर्ड ‘रेडिओ फ्री युरोप’ ही सात इंची सिंगल. बकचा राग गाण्यावर नव्हता, वाजवण्यावरही नव्हता. स्टुडिओत ऐकलेलं गाणं तबकडीवर येईपर्यंत गढूळ झालं होतं आणि बँडच्या मते घोळ मास्टरिंगमध्ये होता.

गंमत अशी की बँडने नाक मुरडलेल्या या तबकडीवर बाकीचे लोक खूश होते. ‘व्हिलेज व्हॉइस’ने ती वर्षातली सर्वोत्तम स्वतंत्र सिंगल ठरवली. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या रॉबर्ट पामर यांनी ती वर्षातल्या पहिल्या दहांत घेतली. १९८३मध्ये ‘मर्मर’ अल्बमसाठी बँडने तेच गाणं नव्याने ध्वनिमुद्रित केलं. ते जास्त साफसूफ होतं आणि बिलबोर्डच्या यादीत ७८व्या क्रमांकापर्यंत चढलं. तरीही १९८८च्या ‘एपोनिमस’ या संग्रहात बँडने घेतलं ते जुनंच गाणं. पुढे २०१०मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीसाठी निवडलं तेही १९८१चंच.

आता समजा, या सिंगलची एक बरी प्रत समोर ठेवून कुणी तिचं डिजिटल पुनरुज्जीवन करायला बसलं. त्याने नेमकं काय परत आणायचं? बँडला हवा होता तो आवाज, की लोकांनी ऐकला तो? जुन्या रेकॉर्डी साफ करणाऱ्यांच्या धंद्यातला हा सगळ्यात अवघड प्रश्न आहे, आणि अल्टरनेटिव्ह रॉकच्या बाबतीत तो फारच टोचतो. या संगीतात खरखर, गुणगुण, फाटका आवाज हे सगळं पुष्कळदा मुद्दाम केलेलं असतं.

ही रेकॉर्ड झाली कशी, तेही पाहण्यासारखं आहे. नॉर्थ कॅरोलायनातल्या विन्स्टन-सेलममध्ये मिच ईस्टर नावाच्या तरुणाने आईवडिलांच्या गॅरेजमध्ये ‘ड्राइव्ह-इन स्टुडिओ’ थाटला होता. १५ एप्रिल १९८१ रोजी आर.ई.एम.ची चार पोरं तिथे गेली. बँड सुरू होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. रेकॉर्ड काढली जॉनी हिबर्टच्या ‘हिब-टोन’ या चिमुकल्या कंपनीने. पहिल्या खेपेला १,००० प्रती निघाल्या, त्यातल्या ६०० रेडिओ केंद्रं आणि समीक्षकांना फुकट गेल्या. बहुतेक प्रतींवर कंपनीचा पत्ता छापायचाच राहून गेला होता. म्हणजे ज्याला रेकॉर्ड आवडली त्याने आणखी मागवायची तर कुठून, हे कोडंच. तरी कॉलेजांच्या रेडिओ केंद्रांनी ती लावून धरली आणि आणखी सुमारे ६,००० प्रती काढाव्या लागल्या.

हा मार्ग इंग्लंडमध्ये आधीच मळला होता. २८ डिसेंबर १९७६ रोजी मँचेस्टरच्या इंडिगो साउंड स्टुडिओत ‘बझकॉक्स’ने चार गाणी मुद्रित केली. पैसे घरच्यांकडून आणि मित्रांकडून उसने आणले, सगळे मिळून ५०० पौंडांच्या आसपास. ‘न्यू हॉर्मोन्स’ हे लेबल त्यांनीच काढलं, १,००० प्रती छापल्या आणि २९ जानेवारी १९७७ला ‘स्पायरल स्क्रॅच’ बाजारात आणली. बघता बघता १६,०००पर्यंत प्रती खपल्या. कुठलं गाणं कितव्या खेपेला जमलं, वरून काय भरलं, हे वेष्टनावर छापलेलं होतं. लपवायचं काही नाही, तुम्हीही हे करू शकता, असा एकूण पवित्रा. निर्माता मार्टिन हॅनेट मात्र खट्टू झाला. त्याला ते मिक्स पुन्हा करायचं होतं, पण स्टुडिओच्या मालकाने मल्टिट्रॅक टेप पुसून टाकली. त्याच्या लेखी तो निव्वळ कचरा होता, असं हॅनेटने पुढे सांगितलं. रिकामी टेप त्या काळी नव्या गाण्यापेक्षा महाग होती, हेही खरं.

मास्टर टेप असताना तबकडीवरून गाणं उचलायचं कशाला, या प्रश्नाचं उत्तर अशा कहाण्यांत आहे. टेप पुसली जाते, कंपनी बुडते, गोदामाचं भाडं थकतं. टेप असली तरी चालेलच असं नाही. सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत ॲम्पेक्ससारख्या नामांकित कंपन्यांच्या टेपवर चुंबकीय चूर्ण धरून ठेवणारा जो चिकट थर होता, तो हवेतली आर्द्रता शोषतो. वर्षांनंतर टेप यंत्रावर चढवली की ती चिकटते, किंचाळते आणि गाण्यासकट खरवडून निघते. उपाय म्हणून अशी टेप ५० ते ५५ अंश सेल्सियसला काही तास चक्क भाजतात. मग थोडे दिवस ती वाजते, तेवढ्यात नक्कल करून घ्यायची. अल्टरनेटिव्ह रॉकचा उमेदीचा काळ आणि या खराब टेपचा काळ नेमका एकच. त्यातून १ जून २००८ला हॉलिवुडमध्ये युनिव्हर्सलच्या आवारात आग लागली. त्यात नेमकं किती जळालं यावर पुढे बराच वाद झाला, पण कंपनीने न्यायालयात ज्यांच्या सामग्रीचं नुकसान मान्य केलं त्यांत निर्वाणा, साउंडगार्डन, बेक, सोनिक यूथ ही नावं होती. टेपच्या तुलनेत विनाइल गरीब बिचारं. घाण होतं, ओरखडतं, पण खोलीच्या तापमानाला नीट उभं ठेवलं तर पन्नास वर्षांनीही वाजतं.

वाजतं, पण टेपसारखं नाही. मुळात तबकडीवर गाणं जसंच्या तसं कोरलेलंच नसतं. खर्जाच्या लाटा मोठ्या असतात. त्या तशाच कोरल्या तर एक खाच शेजारच्या खाचेत घुसेल. म्हणून कोरताना खर्ज दाबतात आणि तार आवाज वाढवतात, दोन्ही टोकांना सुमारे २० डेसिबल. वाजवताना ॲम्प्लिफायर उलटा हिशेब करतो. वाढवलेले तार आवाज खाली आणताना पृष्ठभागाची सळसळही दबते, हा बोनस. १९५४पासून हा हिशेब ‘आरआयएए’ वक्र या नावाने सगळ्या उद्योगाने मान्य केला.

सात इंची सिंगलचं आणखी एक दुखणं आहे. तबकडी मिनिटाला ४५ फेरे घेते, बाहेरही तेवढेच आणि आतही तेवढेच. पण बाहेरच्या फेऱ्यात सुईखालून सेकंदाला सुमारे ४० सेंटिमीटर खाच सरकते, तर लेबलजवळ पोचेपर्यंत जेमतेम २५. तेवढाच आवाज कमी जागेत कोंबायचा, म्हणून ‘स’ आणि ‘श’ फाटतात, झांजा चुरचुरतात. रॉक गाणं तर शेवटाकडेच चढत जातं. म्हणजे सगळ्यात जास्त गोंगाट सगळ्यात वाईट जागी. शिवाय अमेरिकेत बऱ्याच सिंगल्स विनाइलच्या नव्हे, पॉलिस्टायरीनच्या असत. त्या स्वस्तात आणि झटपट निघत, पण जड सुईखाली लवकर झिजत. कॉलेज रेडिओवर रोज वाजलेली प्रत कुठल्या अवस्थेत असेल याची कल्पना यावरून यावी.

म्हणून खरं काम संगणकापाशी सुरूच होत नाही. ते सुरू होतं धुण्यापासून. केसाएवढ्या रुंद खाचेत धूळ, बोटांचं तेल, सिगारेटचा धूर, आधीच्या मालकाने हौसेने मारलेला फवारा, सगळं बसलेलं असतं. ऊर्ध्वपातित पाणी, मऊ ब्रश आणि मग तो चिखल ओढून घेणारं यंत्र. कीथ मंक्स या इंग्रज गृहस्थाच्या नावाचं असं यंत्र रेडिओ केंद्रं आणि ग्रंथालयांत वर्षानुवर्षं राबतं आहे. एका चांगल्या धुण्याने जे साधतं ते सॉफ्टवेअरला अर्ध्या दिवसात साधत नाही, आणि त्यात गाण्याचा कणही जात नाही.

मग सुई. खाचेच्या भिंतीवर जुन्या सुया एका ठरावीक उंचीवर घासलेल्या असतात. साधी गोल टोकाची सुई त्याच झिजलेल्या पट्ट्यावर जाऊन बसते. वेगळ्या घडणीची सुई भिंतीच्या न झिजलेल्या भागाला टेकते आणि गाण्याचा चेहराच बदलतो. चार चॅनेलच्या तबकड्यांसाठी सत्तरच्या दशकात जपानमध्ये निघालेली शिबाता सुई अशीच. मुरलेले लोक एकाच तबकडीसाठी तीन-चार सुया बदलून पाहतात. तबकडीचं भोक मध्यापासून तसूभर जरी सरकलेलं असलं तरी सूर दर फेऱ्याला वरखाली डोलतो. ४५च्या वेगात एक फेरा म्हणजे एक सेकंद आणि त्याचा एक तृतीयांश. सिंगलचं भोक मोठं असतं, त्यामुळे तिला थोडं इकडेतिकडे सरकवून मधोमध आणता येतं. हे काम डोळ्यांनी आणि बोटांनीच होतं.

वेगाच्या बाबतीत तर भलेभले फसले आहेत. १८६०मध्ये पॅरिसच्या एदुआर-लेओं स्कॉत द मार्तिनव्हिल यांनी काजळी लावलेल्या कागदावर आवाजाच्या रेषा उमटवल्या होत्या. २००८मध्ये अमेरिकी संशोधकांनी त्यांतून आवाज काढून दाखवला. एक मुलगी लोकगीत गाते आहे असं जगभर छापून आलं. वर्षभराने लक्षात आलं की वेग दुप्पट धरला गेला होता. गाणारी मुलगी नव्हती, एक पुरुष सावकाश गात होता, बहुधा खुद्द स्कॉतच. रॉकच्या सिंगलमध्ये एवढा घोटाळा होत नाही. पण गॅरेजमधलं टेप यंत्र किंचित हळू चालत असेल आणि गिटारी एकमेकींशी कानाने जुळवलेल्या असतील, तर खरी पट्टी कुठली, हे ठरवायला वाद्यांचाही आधार उरत नाही.

यानंतर संगणक. त्याची या क्षेत्रातली पहिली मोठी करामत रॉकवर झालीच नाही, ती झाली एन्रिको कारुसो या इटालियन गायकावर. युटा विद्यापीठातले टॉमस स्टॉकहॅम हे डिजिटल ध्वनीच्या आद्य पुरुषांपैकी एक. १९७४मध्ये निक्सन यांच्या वॉटरगेट टेपमधली साडेअठरा मिनिटांची पोकळी तपासणाऱ्या तज्ज्ञांतही ते होते. मायक्रोफोनच्या आधीच्या काळात गायक एका भोंग्यात गात असे आणि भोंगा काही सूर फुगवी, काही गिळी. स्टॉकहॅम यांनी त्याच गाण्याचं दुसऱ्या गायकाचं आधुनिक मुद्रण शेजारी ठेवलं, भोंग्याने काय बिघडवलं असेल त्याचा गणिती अंदाज बांधला आणि तेवढंच उलटवलं. १९७६मध्ये ती रेकॉर्ड आरसीएने बाजारात आणली. पुढे केंब्रिजमध्ये पीटर रेनर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ब्रिटनच्या राष्ट्रीय ध्वनिसंग्रहालयासाठी ओरखडे काढण्याचं गणित बसवलं. त्यातून १९८८मध्ये ‘सेडार’ ही कंपनी निघाली. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात ‘सॉनिक सोल्यूशन्स’ने ‘नोनॉइज’ आणलं. त्यामागचे अँडी मूरर म्हणजे चित्रपटगृहात सिनेमाआधी छाती दडपवणारा तो टीएचएक्सचा आवाज घडवणारे गृहस्थ. ही यंत्रणा तेव्हा मोठ्या स्टुडिओंनाच परवडे. २००७मध्ये ‘आयझोटोप आरएक्स’ आलं आणि हे काम घरच्या संगणकावर आलं. मग हौशी लोकांची झुंबड उडाली, आणि चुकांचीही.

चुका कशा होतात ते एका ओरखड्यावरून कळतं. सेकंदाला ९६,००० नमुने घेऊन तबकडी संगणकात उतरवली आहे असं धरू. ओरखड्याचा टक्‌ असा आवाज अनेकदा एक मिलिसेकंदही टिकत नाही, म्हणजे नव्वद-शंभर नमुन्यांचा मामला. प्रोग्राम काय करतो? मागचे काही नमुने पाहून पुढचा नमुना कुठे असायला हवा याचा अंदाज बांधतो. आवाज सुरेल असतो तेव्हा अंदाज जवळपास बरोबर येतो. अचानक अंदाज सपशेल चुकला, तर तिथे ओरखडा आहे असं समजून प्रोग्राम तेवढे नमुने काढून टाकतो आणि दोन्ही बाजूंचं पाहून नवे भरतो. काम चोख झालं तर कुणालाही ओळखता येत नाही.

पण अंदाज चुकवणारी आणखीही एक गोष्ट गाण्यात असते: स्नेअर ड्रमवर पडलेली काठी. पडद्यावर दोन्ही सुळके सारखेच दिसतात, एकदम वर उठलेले. फरक असतो तो शेपटीत. ड्रमचा आवाज पुढे कितीतरी मिलिसेकंद घुमत विरतो, तर ओरखडा उठतो आणि तिथेच संपतो. ड्रम बहुधा डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना सारखा असतो, ओरखडा बऱ्याचदा खाचेच्या एकाच भिंतीवर जास्त. तबकडीवर आडवा ओरखडा असेल तर तो दर फेऱ्याला हजेरी लावतो. पावणेचार मिनिटांच्या ‘रेडिओ फ्री युरोप’साठी तबकडी जवळपास १७० फेरे घेते. ओरखडा पाव इंच लांब असला तरी तो कित्येक फेऱ्यांना, सव्वा सेकंदाहून थोड्या जास्त अंतराने, घड्याळ लावल्यासारखा येत राहतो. जाणकार माणूस त्या ठेक्यावरूनच त्याला पकडतो. काही जण तर आरआयएएचा उलटा हिशेब लावण्याआधीच ओरखडे काढून घेतात. त्या टप्प्यावर सुळका टोकदार असतो आणि सहज सापडतो, हिशेब लावल्यावर तो पसरतो. यातलं काहीही न पाहता कुणी बटण दाबून संपूर्ण गाणं एका झटक्यात साफ केलं, तर ओरखडे जातात आणि ड्रम वाजवणारा उशीवर काठ्या आपटतो आहे असं वाटू लागतं.

आणि गोंगाट मुद्दाम केलेला असेल तर? नोव्हेंबर १९८४मध्ये लंडनच्या ‘क्रिएशन रेकॉर्ड्स’ने स्कॉटलंडच्या ‘जीझस अँड मेरी चेन’ची ‘अपसाइड डाउन’ ही सिंगल काढली. एक गोड चाल, आणि तिच्यावर अथपासून इतिपर्यंत गिटारच्या फीडबॅकची किंकाळी. रेकॉर्डच खराब निघाली, असं कुणाला वाटलं असेल तर त्याला दोष देता येणार नाही. ती ब्रिटनच्या स्वतंत्र रेकॉर्डींच्या यादीत पहिली आली. आवाज स्वच्छ करणाऱ्या प्रोग्रामला हे गाणं दिलं तर त्याने काय करावं? त्याच्या व्याख्येप्रमाणे इथे दोषच दोष आहेत. फीडबॅकच्या खाली बसलेली विनाइलची सळसळ वेगळी काढणं कानालाच जमेल, आणि तेही गाणं सुरू होण्याआधीचे, नुसती खाच वाजत असतानाचे दोन-तीन सेकंद नमुन्यादाखल मिळाले तरच.

आर.ई.एम.च्या गाण्यातही असा एक सापळा आहे, पण तो १९८३च्या मुद्रणात. ‘मर्मर’ची सुरुवात होते ती एका विचित्र गुणगुणीने. यंत्रणेत शिरलेली एक नको असलेली गुणगुण मिच ईस्टरने टाकून दिली नाही. त्याने ती माइक मिल्सच्या बासच्या ठेक्यावर उघडझाक करायला लावली आणि तिचीच नांदी केली. गुणगुण काढणं हा तर आजच्या कुठल्याही सॉफ्टवेअरमधला पहिल्या धड्यातला विषय.

मराठी ऐकणाऱ्याला हा प्रश्न परका वाटायचं कारण नाही. लाखेत दगडाची भुकटी मिसळून केलेल्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर आपल्या नाट्यपदांची आणि ख्यालांची पहिली पन्नास वर्षं जमा आहेत. १९९०मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ने आणि तिच्या ‘द रेकॉर्ड न्यूज’ या नियतकालिकाने अशा रेकॉर्डींचा शोध, नोंदी आणि जतन यांचं मोठं काम केलं आहे. तिथली खरखर कुणा कलावंताने केलेली नाही, ती त्या भुकटीची आहे. ती काढताना मनाला लागत नाही. पण तंबोऱ्याची जवारी, गायकाचे ‘स’ आणि ‘श’, सारंगीच्या गजाची घसट हेही त्याच खरखरीच्या पट्ट्यात राहतात. जुन्या गाण्यांची अतिस्वच्छ आवृत्ती ऐकताना गायक बंद काचेमागून गातो आहे असं वाटतं, ते त्यामुळेच. कित्येक रसिक अशा वेळी सरळ जुनी खरखरीत प्रत लावतात आणि तेच शहाणपणाचं आहे.

ध्वनिसंग्रहालयांनी यातून आपल्यापुरता एक व्यवहारी तोडगा काढला आहे. तबकडी आधी आहे तशी, एकाही ओरखड्याला हात न लावता, चढ्या दर्जात उतरवायची आणि ती फाइल कायमची ठेवायची. साफसफाई करायची ती तिच्या नकलेवर, आणि काय काय केलं ते लिहून. उद्या गणित सुधारलं तर मूळ जागेवर असतं. रेकॉर्ड कंपन्यांचं पुष्कळदा उलटं चालतं. त्यांना नवी आवृत्ती जुनीपेक्षा वेगळी, म्हणजे बहुधा जास्त मोठ्याने, वाजायला हवी असते. म्हणून ओरखडे काढून झाले की गाण्यातले हलके-मोठे भाग दाबून सपाट केले जातात. खरखरीने जेवढं नुकसान केलं नव्हतं तेवढं या शेवटच्या पायरीवर होतं.

२०२१च्या जुलैत, चाळीस वर्षं पूर्ण झाल्याच्या निमित्ताने, हिब-टोनची ती सिंगल सात इंचांतच पुन्हा काढण्यात आली. मागच्या बाजूला पूर्वीसारखंच ‘सिटिंग स्टिल’. १९८३च्या साफसूफ मुद्रणाचे चाहते आणि हिब-टोनच्या गढूळ आवाजाचे चाहते यांच्यातला वाद त्याने मिटला नाही. ज्यांना १९८१ची प्रत वाजवायची आहे त्यांच्यासाठी पीटर बकने भिंतीवर लावलेली एक वगळता बाकीच्या अजून फिरत आहेत.